जुने औषध, नवा रोग : गुण आला, पण कशाने?



आपल्या नांदेड-लातूरकडच्या बऱ्याच गोठ्यांत, भिंतीच्या कोनाड्यात नाहीतर आढ्याला टांगलेल्या पिशवीत, औषधाची एखादी लहान बाटली असते. गोचिडांवरचे आणि जंतांवरचे ते औषध. नाव आयव्हरमेक्टिन. जनावरांच्या डॉक्टरांनी ते टोचले की काही दिवसांत गोचीड गळून पडतात, हे आपण डोळ्यांनी पाहिलेले असते. २०२०-२१ च्या कोरोनाच्या काळात मात्र हेच नाव माणसांच्या औषधाच्या चिठ्ठीवर दिसू लागले. त्याच्या आगेमागे हिवतापाच्या गोळ्या आल्या, इबोला रोगासाठी अजमावलेले इंजेक्शन आले, दम्यासाठी आणि सांधेदुखीसाठी वापरले जाणारे औषध आले. पुढे २०२२ मध्ये लम्पी आला, तेव्हा शेळीची लस गाईला टोचली गेली.

तेव्हा अनेकांच्या मनात एक प्रश्न येऊन गेला असेल. एका रोगाचे औषध दुसऱ्या रोगाला कसे चालते? आणि ते चालते की नाही, हे ठरवायचे कोणी व कसे? तो काळ आता मागे पडला आहे. घाबरे न होता विचार करायला हीच वेळ बरी, कारण नवा रोग पुन्हा केव्हा दारात येईल हे कोणी सांगावे!

मी काही डॉक्टर नाही, शेतीचा पदवीधर आहे. पण औषध लागू पडले की नाही हे ठरवण्याची जी रीत आज जगभरची रुग्णालये वापरतात, ती रीत मूळची शेतातली आहे. म्हणून या विषयावर आपल्याशी चार शब्द बोलावेत असे वाटले.

जुने औषध का शोधतात?

नवे औषध म्हणजे नव्या वाणासारखे. संकरित वाण प्रयोगशाळेतून आपल्या पाभरीपर्यंत यायला वर्षे लागतात, तशीच नव्या औषधाला दहा-दहा वर्षे लागतात आणि खर्चही अफाट होतो. नवा विषाणू एवढे थांबत नाही. मग शास्त्रज्ञ हाताशी असलेली औषधे काढून बघतात. जुन्या औषधाची मात्रा ठाऊक असते, त्याचे दुष्परिणाम ठाऊक असतात, कारखाने चालू असतात आणि बहुतेक वेळा ते स्वस्तही असते. घरात नवी पेटी यायच्या आधी जुन्या पेटीतले काही उपयोगी पडते का हे बघण्यासारखेच ते आहे. यात गैर काही नाही, उलट शहाणपणच आहे.

आपल्या आयव्हरमेक्टिनचेच पाहा. जपानमधले सातोशी ओमुरा यांनी १९७० च्या दशकात तिथल्या मातीतून एक सूक्ष्म जीव वेगळा केला. अमेरिकेतील विल्यम कॅम्पबेल यांनी त्यातल्या द्रव्याचा जंतांवरचा गुण ओळखला. १९८१ पासून ते जनावरांसाठी बाजारात आले. पुढे आफ्रिकेत माणसांना आंधळे करणाऱ्या एका जंतरोगावर त्याच्या चाचण्या झाल्या, ते लागू पडले आणि लाखो लोकांची दृष्टी वाचली. आपल्या देशातही हत्तीरोगाच्या मोहिमेत काही जिल्ह्यांत त्याच्या गोळ्या देतात. २०१५ मध्ये या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे जनावराचे औषध माणसाला चालल्याचे हे अस्सल उदाहरण आहे. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. ते जंतावरून जंताकडेच गेले आणि माणसावरच्या चाचण्यांतून पार पडल्यावर गेले.

जंत आणि विषाणू यांत फार अंतर आहे. सोयाबीनवरचा पिवळा मोझॅक आठवा. तो विषाणूचा रोग आहे आणि पांढरी माशी तो पसरवते. आपण फवारणी करतो ती माशीवर. झाडात शिरलेल्या विषाणूला ती फवारणी काही करत नाही, म्हणून रोगट झाड उपटून टाकावे लागते. बुरशीनाशक मारून तर मोझॅक कधीच जात नाही. विषाणू आपल्याच शरीरातल्या पेशीत घुसून, तिचीच सामग्री वापरून वाढतो. त्याला मारताना पेशीला धक्का लावायचा नाही, ही खरी अडचण आहे. म्हणून विषाणूवर औषधे थोडी, आणि जुन्या औषधातून नेमके एखादे लागू पडणे हेही अवघडच.

शेतातली रीत दवाखान्यात गेली

समजा, तुम्ही सोयाबीनच्या रानात एक नवे टॉनिक फवारले आणि पीक जोरात आले. ते टॉनिकने आले का? की त्या वर्षी पाऊस वेळेवर पडला म्हणून? की फवारलेला तुकडा भारी रानातला होता आणि न फवारलेला मुरमाड? गावात दोन तट पडतील. दुकानदार म्हणेल टॉनिकनेच, शेजारी म्हणेल पावसाने. नुसत्या एका शेताकडे बघून हे भांडण मिटणार नाही.

ते मिटवायचे असेल तर एकाच रानात सारखे वाफे पाडावे लागतात. काही वाफ्यांवर फवारायचे, काहींवर नाही. पण कोणत्या वाफ्यावर फवारायचे, हे आपल्या मनाने ठरवायचे नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकायच्या. मनाने ठरवले की हात आपोआप चांगल्या वाफ्याकडे जातो. चिठ्ठी टाकली की भारी, हलके, चिबड सगळे दोन्हीकडे सारखे वाटले जाते. मग जो फरक उरतो तो औषधाचा. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये कामाला लागले. त्यांनी तिथे ही रीत बसवली.

आपल्याकडे हे शास्त्र रुजवण्यात दोन मराठी माणसांचा मोठा वाटा आहे. एक विनायक गोविंद पानसे आणि दुसरे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे. या दोघांनी शेती संशोधकांसाठी लिहिलेले संख्याशास्त्राचे पुस्तक १९५४ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने काढले. आम्हा कृषी पदवीधरांच्या पिढ्या त्यावर शिकल्या.

या रीतीचा एक भाग तुम्ही दरवर्षी आपल्या शिवारात पाहता. पीक विम्यासाठी पीक कापणी प्रयोग होतो, तेव्हा कोणाच्या शेतात आणि शेताच्या कोणत्या कोपऱ्यात चौकोन आखायचा हे ना तलाठी ठरवतो, ना शेतकरी, ना विमा कंपनी. ते आकड्यांच्या तक्त्यावरून निघते. कोणाच्या मर्जीने चौकोन आखला तर सारा हिशेब खोटा पडेल हे तुम्हाला चांगले कळते, आणि तसा संशय आला तर तुम्ही भांडताही. तीच कसोटी औषधाला लावायची आहे, एवढेच माझे म्हणणे आहे.

शेतातली ही चिठ्ठी इंग्लंडमध्ये क्षयरोगाच्या रुग्णांपर्यंत पोचली. स्ट्रेप्टोमायसिन या औषधाची अशा रीतीने घेतलेली चाचणी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हापासून मोठ्या औषधांचा न्याय याच तराजूत होतो. रुग्णांचे दोन गट चिठ्ठीने पाडायचे. दोघांनाही नेहमीचे उपचार द्यायचे. एका गटाला वरून नवे औषध द्यायचे आणि मग मोजायचे.

कोरोनात काय दिसले?

आता कोरोनाकडे वळू. या रोगातली एक गोष्ट आपण नीट ध्यानात घेतली नव्हती. बाधा झालेल्यांपैकी बहुतेक लोक आपोआप बरे होत होते. त्यामुळे ज्याने काढा घेतला तो म्हणाला काढ्याने बरा झालो. ज्याने हिवतापाची गोळी घेतली तो म्हणाला गोळीने. ज्याने काहीच घेतले नाही तोही बरा झाला, पण त्याला कोणी विचारले नाही. आणि जे दगावले ते तर काहीच सांगू शकले नाहीत.

हिवतापाची आणि संधिवाताची गोळी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हिच्यापासून सुरुवात झाली. मार्च २०२० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांनी आणि रुग्णाच्या घरच्यांनी ती बचावासाठी घ्यावी, अशी सूचना भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने केली. तेव्हा हाताशी दुसरे काही नव्हते. लोकांनी दुकाने रिकामी केली आणि सरकारला विक्रीवर निर्बंध घालावे लागले. मग इंग्लंडमध्ये रिकव्हरी नावाच्या मोठ्या चाचणीत रुग्णालयातल्या १,५६१ रुग्णांना ती गोळी दिली आणि ३,१५५ रुग्णांना नुसते नेहमीचे उपचार दिले. २८ दिवसांत गोळी घेणाऱ्यांपैकी शेकडा २७ दगावले, न घेणाऱ्यांपैकी शेकडा २५. म्हणजे गोळीने कोणी वाचले नाही. गोष्ट तिथेच संपली.

त्याच चाचणीत दुसऱ्या एका जुन्या औषधाचे नशीब उघडले. ते म्हणजे डेक्सामेथासोन. हे स्टेरॉइड १९५० च्या दशकातले. आपल्या जनावरांनाही डॉक्टर कधीकधी टोचतात. ते विषाणूला हातही लावत नाही. कोरोनाच्या दुसऱ्या आठवड्यात शरीराची स्वतःची फौज बेभान होऊन फुप्फुसावरच तुटून पडते, तिला हे औषध आवरते. १६ जून २०२० रोजी निकाल जाहीर झाला. श्वासयंत्रावरच्या शंभर रुग्णांमागे एरवी ४१ दगावत होते, औषध दिलेल्यांत २९ दगावले. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २६ च्या जागी २३. अगदी स्वस्त औषध, गावोगाव मिळणारे, आणि त्याने शंभरात बारा माणसे वाचवली!

पण याच निकालाचा तिसरा भाग फार जणांच्या कानावर गेला नाही. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती अशा रुग्णांत औषध घेणारे शंभरात सुमारे १८ दगावले आणि न घेणारे १४. त्यांना फायदा तर झाला नाहीच, उलट अपायाची शंका राहिली. कारण उघड आहे. पहिल्या आठवड्यात विषाणूशी लढायला शरीराची फौज लागते, आणि आपण तिचेच हात बांधतो. जे पाणी दाणे भरताना दिले तर अमृत, तेच कापणीला आलेल्या पिकात सोडले तर नासाडी. औषध तेच, पण वेळ चुकली की गुण उलटा.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत हे आपल्याकडे दिसले. ताप आला की घरीच स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. स्टेरॉइडने रक्तातली साखर वाढते. मधुमेह असणाऱ्यांना, आणि मधुमेह आहे हे ठाऊकच नसणाऱ्यांना, त्याचा फटका बसला. म्युकरमायकोसिस म्हणजे काळ्या बुरशीचा रोग मराठवाड्यातही आला. त्याने कोणाचा डोळा नेला, कोणाचा जबडा नेला, कोणाचा जीवच नेला. त्याला कारणे अनेक होती, पण बेताल स्टेरॉइड हे त्यातले एक ठळक कारण होते.

आता रेमडेसिव्हिर. या इंजेक्शनाचे नाव घेतले की अजून काही घरांत शांतता पसरते. काविळीच्या एका विषाणूवरच्या संशोधनातून ते निघाले, मग आफ्रिकेत इबोलावर तपासले गेले आणि तिथे इतर औषधांपुढे मागे पडले. कोरोनाच्या विषाणूची नक्कल होण्याची क्रिया ते प्रयोगशाळेत अडवत होते, म्हणून आशा वाढली. जागतिक आरोग्य संघटनेने सॉलिडॅरिटी नावाची चाचणी घेतली. तिच्यात भारतही होता. ऑक्टोबर २०२० मध्ये निकाल आला. रेमडेसिव्हिर दिलेल्या २,७४३ रुग्णांपैकी ३०१ दगावले. न दिलेल्या २,७०८ पैकी ३०३ दगावले. फरक नाममात्र. पुढे २०२२ मध्ये पूर्ण हिशेब आला, तेव्हा ऑक्सिजनवर असलेल्या पण श्वासयंत्रावर नसलेल्या रुग्णांत थोडा उपयोग दिसला, शंभरात सुमारे १६ च्या जागी १५. जोखमीच्या रुग्णाला अगदी सुरुवातीला दिले तर ते अधिक उपयोगी पडते, हेही नंतर कळले.

आता या तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. पहिला निकाल ऑक्टोबर २०२० चा. नांदेड जिल्ह्यात टाळेबंदी पुन्हा लागली ती २५ मार्च २०२१ ला. रेमडेसिव्हिरची निर्यात केंद्र सरकारने थांबवली ती ११ एप्रिल २०२१ ला, इतका तुटवडा होता. म्हणजे हे औषध मरणाच्या दारातून ओढून आणणारे नाही, हे जगाला कळून सहा महिने झाले होते. तरी त्या एप्रिलमध्ये माणसे चिठ्ठी घेऊन नांदेडहून लातूर, लातूरहून सोलापूर, सोलापूरहून पुणे अशी धावत होती. कोणी सोने गहाण ठेवले, कोणी व्याजाने पैसे उचलले. इंजेक्शन मिळाले नाही म्हणून माणूस गेला, ही बोचणी काही घरांत आजही आहे. अशा घरांतील भावांना आणि मुलांना मला मुद्दाम सांगायचे आहे. ते इंजेक्शन मिळाले असते तर तुमचा माणूस नक्की वाचला असता, असे हे आकडे सांगत नाहीत. तुमच्या धावपळीत काही कमी पडले नव्हते. तो सल मनातून काढून टाका.

राहिले आयव्हरमेक्टिन. २०२० च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियातील प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यात या औषधाने विषाणू कमी झाला, अशी बातमी आली. बातमी खरी होती. पण भांड्यात जेवढे औषध लागले तेवढे माणसाच्या रक्तात यायला नेहमीच्या मात्रेच्या कितीतरी पट डोस लागला असता. कुंडीतल्या रोपाला ओंजळभर खत घालून ते फोफावले, म्हणून एकराला त्याच हिशेबाने खत ओतता येत नाही, तसे हे. आपल्याकडे एप्रिल २०२१ च्या उपचार सूचनांत सौम्य रुग्णांसाठी ते होते. सप्टेंबर २०२१ मध्ये ते आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, दोन्ही वगळली गेली. ब्राझीलमधील मोठ्या चाचणीचा निकाल २०२२ मध्ये आला. ६७९ जणांना औषध, ६७९ जणांना तसेच दिसणारे पण औषध नसलेले. दवाखान्यात भरती होण्याची पाळी दोन्ही गटांत जवळपास सारखीच आली.

आणि अमेरिकेत काय झाले? तिथे लोकांनी घोड्या-गुरांचे आयव्हरमेक्टिन आणून खाल्ले. २०२१ मध्ये तिथल्या सरकारी औषध खात्याला जाहीर तंबी द्यावी लागली. जनावराच्या औषधाची तीव्रता त्याच्या वजनासाठी ठरवलेली असते. माणसाने ते घेतले तर ओकाऱ्या, भोवळ, झटके येऊ शकतात. म्हणून कोनाड्यातली ती बाटली जनावरासाठीच आहे, हे घरातल्या सर्वांना सांगून ठेवा आणि ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा.

लम्पीत शेळीची लस का चालली?

आता आपल्या दावणीकडे येऊ. लम्पी हा रोग १९२९ मध्ये आफ्रिकेतील झांबियात प्रथम नोंदला गेला. भारतात तो २०१९ मध्ये ओडिशात दिसला. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातून त्याने महाराष्ट्रात पुन्हा जोर धरला आणि पुढे तो आपल्याकडेही आला. कंधारची लाल कंधारी आणि देवणीची देवणी ही आपल्या दोन जिल्ह्यांनी देशाला दिलेली गोधने. अंगभर गाठी, पायाला सूज, तोंडातून लाळ अशा अवस्थेत ती उभी पाहणे कोणालाही सोसवणारे नव्हते. सप्टेंबर २०२२ मध्ये सारे राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर झाले. जनावरांचे बाजार, जत्रा, शर्यती बंद झाल्या. दगावलेल्या गाईसाठी ३० हजार, बैलासाठी २५ हजार आणि वासरासाठी १६ हजार रुपये मदत सरकारने ठरवली.

लम्पीची स्वतःची लस तेव्हा हाती नव्हती. म्हणून शेळ्यांच्या देवीची लस गाईला दिली. हा अंदाजपंचे कारभार नव्हता. लम्पीचा विषाणू आणि शेळी-मेंढीच्या देवीचा विषाणू हे सख्खे चुलत भाऊ. एकाला ओळखायला शिकलेले शरीर दुसऱ्यालाही ओळखते. एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये गाईच्या देवीचा उपयोग करून माणसाची देवी रोखली, ती याच नात्यावर. तरीही शेळीची मात्रा गाईला जशीच्या तशी दिली नाही. गाईसाठी जास्त मात्रा ठरवली, चार महिन्यांवरील निरोगी जनावरांनाच टोचायचे ठरवले.

ही लस सोळा आणे होती का? नाही. लस दिलेल्या काही जनावरांनाही रोग झाला. लस टोचल्यावर अंगात ताकद यायला सुमारे तीन आठवडे लागतात, त्या आधी बाधा झालेली जनावरेही होती. पण साथ थोपवायला तिचा मोठा हातभार लागला. दरम्यान हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने आणि भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने लम्पीची खास लस तयार केली. १० ऑगस्ट २०२२ रोजी ती जाहीर झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात तिचे तंत्र पुण्याच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेला देण्याचा करार झाला. जुने औषध असे वापरायचे असते. वेळ निभावून न्यायची आणि तोवर नेमके औषध तयार करायचे.

लम्पीतही आयव्हरमेक्टिन वापरले गेले. ते लम्पीच्या विषाणूवर नव्हे, तर रोग पसरवणाऱ्या गोचिडांवर. माश्या, डास, गोचीड हे या रोगाचे वाहक. कडुनिंबाच्या धुराने माश्या पळतात, हळदीच्या लेपाने जखम सांभाळली जाते, प्रतिजैविकाने जखमेतला पू आटोक्यात येतो. हे सगळे करावे. फक्त यातले कशाने विषाणू मरतो असे समजून लसीकडे पाठ फिरवू नये.

"घरात माणूस तडफडताना चाचणीची वाट कोण पाहणार?"

हा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्तच आहे. त्याचे उत्तर असे की चाचणीत कोणालाही औषधाविना टाकून देत नाहीत. प्राणवायू, सलाइन, शुश्रूषा हे दोन्ही गटांना मिळते. आणि वेळही फार लागत नाही. इंग्लंडची ती चाचणी मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि जूनमध्ये डेक्सामेथासोनचा निकाल हाती आला. सोयाबीन पेरून काढायला लागतो तेवढाच काळ! उलट चाचणी न करता वाटलेली औषधे वर्षभर वाटली गेली आणि शेवटी हाती काही लागले नाही.

आपल्या देशानेही असे काम केले आहे. बऱ्या झालेल्या रुग्णाचा रक्तद्रव दुसऱ्याला देण्याचा जुना उपाय कोरोनात गाजला होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवर त्याची चाचणी घेतली. रक्तद्रव दिलेल्यांपैकी शेकडा १९ जणांचा आजार बळावला किंवा ते दगावले. न दिलेल्यांत हे प्रमाण शेकडा १८ होते. मे २०२१ मध्ये हा उपाय सूचनांतून वगळला. आपल्याच रुग्णांवर आपल्याच डॉक्टरांनी केलेल्या या मोजणीचा जगाला उपयोग झाला.

पुढच्या वेळी काय कराल?

नवा रोग आला आणि एखाद्या जुन्या औषधाचे नाव गावात फिरू लागले, तर घरच्या मंडळींनी एकत्र बसून हे प्रश्न विचारावेत.

१. बरे झालेल्यांची गोष्ट सांगतात, पण औषध न घेता किती बरे झाले? तुलनेचा वाफा कुठे आहे?

२. गट कोणी पाडले? चिठ्ठीने की मर्जीने? पीक कापणीत जे चालवून घेत नाही ते इथेही चालवून घेऊ नका.

३. गुण दिसला तो काचेच्या भांड्यात, जनावरात की माणसात?

४. औषध रोगाच्या कोणत्या दिवशी आणि कोणत्या अवस्थेत द्यायचे? स्टेरॉइडसारखे औषध स्वतःच्या मनाने सुरू करू नका, आणि डॉक्टरांनी सुरू केलेले मनाने एकदम बंदही करू नका. मधुमेह असेल तर आधी सांगा.

५. सल्ला बदलला तर चिडू नका. नवी मोजणी आली की सल्ला बदलणारच. वाणाची शिफारस आपण दर काही वर्षांनी बदलतोच की!

६. औषध मिळत नसेल तर कर्ज काढण्याआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "याने जीव वाचतो असे सिद्ध झाले आहे का? याच्याऐवजी दुसरे काय देता येईल?" असे विचारण्यात त्यांचा अपमान नाही. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो, लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था असो की गावाजवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र असो, हा तुमचा हक्क आहे.

७. जनावरांच्या बाबतीत पशुवैद्यकीय दवाखान्याला आधी कळवा. आजारी जनावर वेगळे बांधा. दुभत्या जनावराला कोणतेही इंजेक्शन दिले तर दूध किती दिवस वापरायचे नाही हे विचारून घ्या. गाभण जनावराला स्टेरॉइड टोचले तर गाभ पडू शकतो, म्हणून गाभण असल्याचे डॉक्टरांना आधी सांगा. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, अवघड आजारात तिथल्या तज्ज्ञांचा सल्ला जरूर घ्या.

या हंगामात एक काम करून बघा. एखादे नवे औषध किंवा टॉनिक घेतले असेल तर सारे रान फवारू नका. चार-चार तासांचे आठ पट्टे पाडा. घरातल्या लहान मुलाला चिठ्ठ्या उचलायला सांगा, चार पट्टे फवारा, चार तसेच ठेवा आणि मळणी वेगवेगळी करून वजन करा. खर्च एका वजनकाट्याचा. मुलांनी आठ पट्ट्यांचे आकडे वहीत लिहिले, की दुकानदाराचे बोलणे, शेजाऱ्याचा अनुभव आणि वर्तमानपत्रातली औषधाची बातमी कशी तपासायची, हे त्यांना आयुष्यभर पुरेल.